खेळाडूला थांबवण्याचा अधिकार कोणाला?

संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे जून २०२५ मध्ये भारतीय महिला आइस हॉकी संघाने आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याचे देशभर कौतुक झाले आणि ते रास्तच होते. लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर खेळ शिकलेल्या मुलींचा हा संघ २०१६ मध्ये प्रथम आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. २०१७ मध्ये बँकॉक येथे फिलिपाइन्सला ४-३ असे हरवून त्याने पहिला विजय नोंदवला आणि त्यानंतर आठ वर्षांनी तो पदकापर्यंत पोहोचला. अशा यशानंतर आपल्याकडे चर्चा होते ती नव्या रिंकची, साहित्याची आणि परदेशी प्रशिक्षकाची. एक प्रश्न मात्र या चर्चेत सहसा उपस्थित होत नाही. यांपैकी एखादी मुलगी सरावात डोक्यावर आपटली, तर ‘आज तू पुन्हा बर्फावर उतरायचे नाहीस’ असे तिला सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि तो अधिकार ज्याला असायला हवा, त्याचे पद कोणत्या आकृतिबंधात मंजूर आहे?

ज्या देशांत आइस हॉकी हा मोठा खेळ आहे, तेथे या प्रश्नाला निश्चित उत्तर आहे. त्या व्यक्तीला अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनर आणि कॅनडात अ‍ॅथलेटिक थेरपिस्ट म्हणतात. मराठीत ‘ट्रेनर’चे भाषांतर आपण ‘प्रशिक्षक’ असे करतो आणि तेथेच गल्लत होते. प्रशिक्षक खेळ शिकवतो, डावपेच ठरवतो, संघ निवडतो. अ‍ॅथलेटिक ट्रेनरचा डावपेचांशी संबंध नसतो. दुखापत टाळणे, ती झाली तर पहिल्या मिनिटात ओळखणे, प्राथमिक उपचार करणे, डॉक्टरकडे सोपवणे आणि बरा झालेला खेळाडू परत केव्हा उतरेल याचा टप्प्याटप्प्याने आराखडा आखणे, हे त्याचे काम. क्रिकेटमुळे आपल्याकडे ‘फिजिओ’ हा शब्द घरोघरी पोहोचला. परंतु फिजिओ म्हणजे सामना सुरू असताना पाण्याच्या बाटलीबरोबर धावत येणारा माणूस, एवढीच त्याची प्रतिमा राहिली. आपल्या भाषांत या कामाला स्वतंत्र शब्द नाही, कारण आपल्या व्यवस्थेत त्याला स्वतंत्र स्थान नाही.

या कामाचे मोल सांगणारा एक प्रसंग आइस हॉकीच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे. २२ मार्च १९८९ रोजी बफेलो शहरात बफेलो सेबर्स आणि सेंट लुइस ब्लूज या संघांचा सामना सुरू होता. गोलपोस्टसमोरच्या धडकेत एका खेळाडूच्या स्केटचे पाते सेबर्सचा गोलरक्षक क्लिंट मलार्चुक याच्या मानेवर लागले आणि मानेतील मोठी शीर कापली गेली. बर्फावर रक्ताचे थारोळे साचू लागले. संघाचे ट्रेनर जिम पिझुटेली धावत पोहोचले आणि त्यांनी ती शीर बोटांनी दाबून धरली. मलार्चुक वाचला. पिझुटेली यांनी व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याचे वैद्यकीय सहायक म्हणून काम केले होते. अशी जखम पाहून काय करायचे, हे त्यांना त्या दिवशी आठवावे लागले नाही. त्यांच्या हातांना ते ठाऊक होते. याच प्रसंगाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मलार्चुक अवघ्या काही दिवसांत पुन्हा खेळू लागला, त्याचे कौतुक झाले. पण पुढे अनेक वर्षे त्याला तीव्र मानसिक आजाराशी झगडावे लागले, हे त्यानेच उघडपणे सांगितले आहे. शीर दाबून धरणारा माणूस तेव्हा व्यवस्थेत होता. त्यानंतरच्या महिन्यांत त्या तरुणाची विचारपूस करणारी रीत मात्र तेव्हाच्या व्यवस्थेने घडवली नव्हती.

हा पेशा आजच्या रूपात एकाएकी अवतरला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ट्रेनर म्हणजे आपल्याकडील आखाड्यातला मालिश करणारा, हाडवैद्य, कोठीवाला आणि हरकाम्या यांचे मिश्रण होते. स्केटची पाती घासणे, सामान वाहणे, टाके पडल्यावर पट्टी बांधणे, सगळे त्याच्याकडेच. डेट्रॉइट रेड विंग्ज या संघाचे सहायक ट्रेनर रॉस ‘लेफ्टी’ विल्सन यांची कथा या काळाचे उत्तम उदाहरण आहे. त्या दिवसांत संघाकडे दुसरा गोलरक्षक तयार ठेवण्याची सक्ती नव्हती. गोलरक्षक जखमी झाला, की यजमान संघाने कोणाला तरी उभे करायचे. त्यामुळे १९५० च्या दशकात विल्सन तीन वेगवेगळ्या संघांसाठी गोलमध्ये उभे राहिले आणि त्यांपैकी दोन वेळा तर स्वतःच्याच संघाविरुद्ध. किस्सा म्हणून हे रंजक आहे. परंतु ज्याने जखमी खेळाडूची काळजी घ्यायची, तोच त्याच्या जागी खेळायला उतरत असेल, तर काळजी घेण्याचे काम कोणीही करू शकतो अशीच त्या काळाची समजूत होती, हे त्यातून उघड होते.

ही समजूत बदलायला अर्धे शतक लागले. १९५० मध्ये कॅन्सस सिटी येथे अमेरिकेतील अ‍ॅथलेटिक ट्रेनरांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. कॅनडातील संघटना १९६५ मध्ये आली. अभ्यासक्रम ठरले, परीक्षा आल्या, प्रमाणपत्रे आली. १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या कामाला आरोग्यसेवेतील एक पूरक व्यवसाय म्हणून मान्यता दिली. आज तेथे या व्यवसायात प्रवेश करायचा, तर पदव्युत्तर पदवी हीच पात्रता ठरली आहे. मालिशवाल्यापासून पदव्युत्तर पदवीपर्यंतचा हा प्रवास कोणा एका मंत्र्याच्या घोषणेने झाला नाही. व्यावसायिकांची संघटना, विद्यापीठे, वैद्यकीय संस्था आणि राज्यांचे परवाना कायदे यांच्या दीर्घ ओढाताणीतून तो घडला.

या पेशाची शिडीही समजून घेण्याजोगी आहे. विद्यापीठातील संघाबरोबर उमेदवारी करायची, मग छोट्या व्यावसायिक लीगमध्ये नोकरी धरायची, तेथून अमेरिकन हॉकी लीग आणि नशिबाने साथ दिली तर नॅशनल हॉकी लीग. खालच्या पायऱ्यांवर पगार बेताचा असतो. एकाच माणसाने टेप बांधायचा, जखमा पाहायच्या, नोंदी ठेवायच्या, प्रवासाची व्यवस्थाही अनेकदा पाहायची आणि रात्रभर बसने पुढच्या गावी जायचे. वरच्या पायरीवर एका हंगामात ऐंशीहून अधिक सामने. खेळाडू येण्याच्या कितीतरी आधी ट्रेनर दवाखान्याच्या खोलीत हजर असतो आणि सगळे गेल्यावर शेवटचा दिवा तो मालवतो. कष्टाचाच हा पेशा. तरीही तरुण त्यात येतात, कारण पहिल्या पायरीवर उभे राहिले की वरची पायरी दिसते. कोणत्याही सेवेत माणसे टिकतात ती प्रारंभीच्या वेतनापेक्षा बढतीच्या मार्गामुळे, हे प्रशासनात काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

परंतु पात्रता आणि शिडी एवढ्याने प्रश्न सुटत नाही. ट्रेनरला पगार देतो संघ, आणि त्याने जपायचे असते खेळाडूचे शरीर. संघाला विजय हवा असतो, खेळाडूला संघातील जागा गमवायची नसते. या दोघांच्या मध्ये उभे राहून ‘नाही’ म्हणणे नोकरीवर बेतू शकते. १ जानेवारी २०११ रोजी त्या काळातील सर्वांत नामांकित खेळाडू सिडनी क्रॉस्बी याच्या डोक्याला धडक बसली. तो पुढचा सामना खेळला आणि ५ जानेवारीला त्याला पुन्हा धडक बसली. त्यानंतर तो नोव्हेंबरपर्यंत मैदानाबाहेर राहिला. वैद्यकीय परिभाषेत ज्याला कन्कशन म्हणतात, तो मेंदूला बसलेला हादरा एक्स-रेमध्ये दिसत नाही. रक्त वाहत नाही, हाड मोडत नाही. खेळाडू ‘मी ठीक आहे’ म्हणतो आणि त्याच्यावर विश्वास ठेवण्याचा मोह सर्वांनाच होतो. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नॅशनल हॉकी लीगने नियम कडक केला. संशय आल्यास खेळाडूला बाकावरून हलवून शांत खोलीत न्यायचे आणि डॉक्टरने त्याची तपासणी करायची. २०१६ पासून तर लीगने स्वतःचे निरीक्षक नेमले. संघाच्या इच्छेची पर्वा न करता खेळाडूला तपासणीसाठी बाहेर काढण्याचा अधिकार त्यांना मिळाला. ट्रेनर चांगला असून भागत नाही, त्याच्या पाठीशी संघाबाहेरचा अधिकार लागतो, हा धडा एवढ्या श्रीमंत लीगलाही किंमत मोजूनच शिकावा लागला.

ही किंमत अनेकदा जिवाची असते. १९६८ मध्ये बिल मास्टरटन हा खेळाडू डोक्यावर आपटून मरण पावला. नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचे झाले ते १९७९ मध्ये. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे सामन्यात स्केटचे पाते मानेला लागून अ‍ॅडम जॉन्सन हा २९ वर्षांचा खेळाडू मृत्युमुखी पडला. त्यानंतर काही आठवड्यांतच आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या स्पर्धांत मानेचे संरक्षक आवरण बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. अकरा वर्षांचा विलंब काही आठवड्यांवर आला, ही प्रगतीच आहे. तरीही नियम मृत्यूच्या मागून चालत येतो, ही रीत बदललेली नाही.

धोरणाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त उदाहरण मात्र श्रीमंत लीगच्या बाहेरचे आहे. कॅनडातील ओटावा येथे २०१३ मध्ये रोवन स्ट्रिंगर ही १७ वर्षांची शाळकरी रग्बी खेळाडू काही दिवसांच्या अंतराने डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसल्याने मरण पावली. डोके दुखत असल्याचे तिने मैत्रिणींना कळवले होते. मोठ्यांपर्यंत ते पोहोचलेच नाही. २०१८ मध्ये ऑन्टारिओ प्रांताने तिच्या नावाने कायदा केला. संशय येताच खेळाडूला खेळातून बाहेर काढणे आणि ठरलेल्या टप्प्यांनीच परत आणणे, हे त्याने क्रीडासंस्थांचे कर्तव्य ठरवले. कॅनडातील मुलांच्या आइस हॉकी संघांबरोबर सुरक्षेचे लहान प्रशिक्षण घेतलेला एक स्वयंसेवक बाकावर असतो; बहुधा तो एखाद्या खेळाडूचा पालकच असतो. प्रत्येक गावाला पदव्युत्तर ट्रेनर देणे त्या देशालाही परवडत नाही. म्हणून त्याने वर व्यावसायिक, खाली प्रशिक्षित स्वयंसेवक आणि दोघांच्या पाठीशी कायदा अशी रचना केली. आपल्याला अनुकरण करायचे असेल, तर ते या रचनेचे करावे.

आता लडाखकडे वळू. आपल्या देशात बर्फावरील खेळ नवा नाही. सिमल्याचा नैसर्गिक बर्फाचा रिंक १९२० पासूनचा आहे. लडाखमध्ये लष्करी जवानांनी गोठलेल्या तळ्यांवर या खेळाला रुजवले आणि आज तेथील तरुण पिढीने त्याला आपलेसे केले आहे. परंतु लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि ही उंची ट्रेनरच्या कामात एक वेगळीच गुंतागुंत आणते. विरळ हवेचा त्रास झाला, तर डोके दुखते, मळमळते, गरगरते, झोप लागत नाही. कन्कशनचीही लक्षणे जवळपास हीच. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेसाठी महाराष्ट्रासारख्या मैदानी राज्यांतून लेहला गेलेला एखादा मुलगा धडक बसल्यानंतर डोके दुखते म्हणाला, तर हे उंचीमुळे की मेंदूला बसलेल्या हादऱ्यामुळे, हे कोणी ठरवायचे? दोन्हींपैकी काहीही असले, तरी त्याला खेळू देणे धोक्याचेच. आणि अनुभवी डोळ्यांना ते लगेच कळते. हृदय बंद पडल्यास वापरायचे डिफिब्रिलेटर कडाक्याच्या थंडीत उघड्यावर ठेवून चालत नाही, हेसुद्धा त्या जागी नियमाने उभ्या असणाऱ्या माणसालाच लक्षात राहते. कॅनडाचे पाठ्यपुस्तक उचलून आणले, तर त्यात लेहचे प्रकरण सापडणार नाही. ते आपल्यालाच लिहावे लागेल.

मग हे होत का नाही? उत्तर आपल्या अर्थसंकल्पाच्या रचनेत आहे. आपल्याकडे भांडवली खर्चाला मंजुरी मिळणे तुलनेने सोपे असते आणि आवर्ती खर्चाला अवघड. इमारतीचे उद्घाटन होते. पदाचे होत नाही. देहरादूनचा हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी उभा राहिला. स्पर्धा संपली, चालवण्याचा खर्च कोणी करायचा याचे उत्तर नव्हते आणि तो दशकाहून अधिक काळ बंद राहिला. २०२५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. यंत्रे पुन्हा चालू करता येतात, पण मध्यंतरी ज्या पिढीने तेथे पेशा घडवला असता, ती परत आणता येत नाही. नव्या पदाची फाइल वित्त विभागाकडे गेली, की पहिला शेरा ठरलेला असतो: काम कंत्राटी पद्धतीने भागवावे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रांत आज फिजिओथेरपिस्ट व अन्य क्रीडावैज्ञानिक आहेत, ही गेल्या काही वर्षांतील स्वागतार्ह गोष्ट. पण त्यांतील अनेक नेमणुका कंत्राटी आहेत. ज्याचे कंत्राट पुढच्या मार्चमध्ये संपणार आहे, त्याने निवड समितीच्या लाडक्या खेळाडूला बाहेर बसवावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

कायद्याची चौकट अगदीच रिकामी नाही. पूरक आरोग्य व्यवसायांविषयीचा राष्ट्रीय आयोग २०२१ च्या कायद्याने अस्तित्वात आला. त्यात दहा व्यवसायगट मानले आहेत. फिजिओथेरपी त्यांत आहे. अ‍ॅथलेटिक ट्रेनरचा स्वतंत्र गट नाही. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आहे. तिचा रोख मुख्यतः छळ आणि गैरवर्तन यांपासून महिला व अल्पवयीन खेळाडूंचे रक्षण करण्यावर आहे, आणि ते आवश्यकच आहे. परंतु सुरक्षितता या शब्दात शरीराची सुरक्षितता येत नसेल, तर तो शब्द अपुरा राहतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो गैरलागू नाही. ज्या देशात प्राथमिक आरोग्य केंद्रांना डॉक्टर मिळत नाहीत, तेथे दोन महिन्यांच्या हंगामाच्या आणि मूठभरांच्या खेळासाठी वेगळे पद कशाला? याचे उत्तर असे, की हे पद आइस हॉकीपुरते मानायचेच नाही. बर्फ वितळल्यावर तोच माणूस फुटबॉलच्या मैदानावर, शाळांच्या क्रीडास्पर्धांत, धावपटूंच्या सरावात हवा आहे. कबड्डीत गुडघा मोडणाऱ्या मुलांची आणि कुस्तीत मानेला इजा होणाऱ्यांची संख्या या देशात किती मोठी असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. आइस हॉकी हा वेगवान आणि धारदार खेळ असल्याने तेथे उणीव लगेच डोळ्यांत भरते, इतकेच. आणखी एक गोष्ट. राज्य जेव्हा एखाद्या मुलीच्या छातीवर देशाचे नाव लिहून तिला बर्फावर पाठवते, तेव्हा तिच्या शरीराची जबाबदारी ते स्वीकारत असते. ही जबाबदारी खेळाच्या लोकप्रियतेवर अवलंबून ठेवता येणार नाही.

करता येण्याजोग्या गोष्टी चार आहेत. पहिली, ‘खेळातून बाहेर काढण्याचा’ अधिकार प्रत्येक राष्ट्रीय क्रीडा महासंघाच्या नियमावलीत लेखी असावा, तो प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक यांना फिरवता येऊ नये आणि सुरक्षित क्रीडा धोरणात त्याचा समावेश व्हावा. यासाठी एक रुपयाही लागत नाही. दुसरी, फिजिओथेरपी आणि नर्सिंगच्या पदवीधरांसाठी मैदानी उपचारांचा एक वर्षाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम सुरू व्हावा आणि त्यात अतिउंचीवरील खेळांचा स्वतंत्र भाग असावा. त्यासाठी लेहहून योग्य जागा नाही. तिसरी, लडाखमध्ये लष्कर आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दलातून निवृत्त झालेले अनेक वैद्यकीय सहायक आहेत. उंची, थंडी आणि जखमा, तिन्हींचा अनुभव त्यांच्यापाशी आहे. त्यांना लहान प्रशिक्षण देऊन गावोगावच्या संघांबरोबर जोडावे. महिला संघांसाठी महिलांना प्राधान्याने तयार करावे. चौथी, कोणत्याही रिंकला किंवा स्पर्धेला केंद्राचा निधी देताना पात्र ट्रेनरचे पद आणि त्याच्या पाच वर्षांच्या वेतनाची तरतूद ही पूर्वअट असावी. पद नाही, तर निधी नाही.

२०३६ च्या ऑलिम्पिकचे यजमानपद मिळावे, अशी आपली आकांक्षा आहे. ती बाळगणाऱ्या देशाला स्टेडियमे बांधता येतील, यात शंका नाही. बांधकाम आपण शिकलो आहोत. पेशा बांधणे अधिक कठीण, कारण त्याला नाव लागते, पात्रता लागते, बढतीची वाट लागते आणि सर्वांत शेवटी, वरिष्ठांसमोर ‘नाही’ म्हणण्याचे संरक्षण लागते. लेहमधील एखाद्या फिजिओथेरपीच्या विद्यार्थिनीला या कामात आपले तीस वर्षांचे आयुष्य दिसू लागेल, तेव्हा ते काम सुरू झाले असे म्हणता येईल. तोवर पदके येत राहतील; ती कोणाच्या दुखापतीच्या किमतीवर आली, याची नोंद ठेवायलाही कोणी नसेल.